चौथा हेडटॉर्च

हेडटॉर्च कोणी निवडायचे यावर त्या चौघांत चर्चा झालीच नाही. ते काम ढापणीचं. तिचं चष्म्याचं दुकान होतं आणि ती स्वतः जाड भिंगं लावायची, म्हणून डोंगरात हिंडणाऱ्या त्या टोळक्यात तिचं हे नाव पडलं होतं. तिनंही ते हसत पत्करलं होतं. टोळकं लहानच: ती, तिचा नवरा, नवऱ्याचे जुने मित्र मास्तर आणि एक वकील. मास्तर कॉलेजात खेळ शिकवायचे, आणि वकील कोर्टापेक्षा डोंगरात जास्त बोलायचे. यंदा एक उंच खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं होतं, सगळं सामान पाठीवर घेऊन. खिंडीची चढण उजाडायच्या आधीच सुरू करावी लागणार होती, म्हणजे अंधारात हात मोकळे हवेत.

"हेडटॉर्च तू बघ," नवरा म्हणाला. "वजनाला हलके हवेत. बाकीचं तुलाच जास्त कळतं."

तिनं ते काम मनापासून केलं. दुकानात डोळे तपासायची खोली होती. काळा पडदा ओढला की तिथं भरदुपारी मिट्ट काळोख व्हायचा. पसंत नसल्यास परत करायच्या बोलीवर आणलेले हेडटॉर्च ती गिऱ्हाईक नसताना तिथं एकेक डोक्याला बांधून बघायची. फ्रेमसाठी असलेल्या छोट्या काट्यावर तिनं प्रत्येकाचं वजन केलं, तेही सेल घालून, कारण काही खोक्यांवर सेलशिवायचंच वजन छापलेलं होतं. सगळ्यात झगझगीत दिवा तिनं पहिल्या झटक्यात बाद केला. त्याच्या उजेडात समोरचा दगड पांढराफटक पडायचा आणि पलीकडचं काहीच दिसायचं नाही. तिला पसरट, सौम्य उजेड हवा होता. तंबूत लावायला तांबडा दिवा हवा, म्हणजे शेजारचा डोळे चोळत शिव्या देणार नाही. बटण हातमोज्यातून दाबता यायला हवं, पण पिशवीत आपोआप पेटून सेल उतरू नयेत म्हणून त्याला लॉकही हवं. आणि चार्जिंग संपलं तर साधे सेल घालून भागायला हवं.

त्यातही तिच्या डोळ्यांसमोर नुसते दिवे नव्हते, माणसं होती. मास्तरांना टक्कल, त्यांच्या डोक्यावरून गुळगुळीत पट्टा सटकणार. वकिलांना घाम फार. नवऱ्याच्या कपाळावर लहानपणीची खोक होती, तिथं काही घासलं की दिवसभर लाल राहायची. म्हणून तिनं कपाळाला टेकतो तिथं मऊ पॅड असलेला निवडला. तो थोडा महाग होता, पण डोक्यावर आहे की नाही ते कळायचंसुद्धा नाही.

घरी तिनं नवऱ्याला लावून दाखवला.

"टोचत नाही ना?"

"नाही. छान आहे."

"आपल्या दोघांत एकच चार्जर पुरेल. तेवढंच ओझं कमी."

"हो, बघू," असं म्हणून त्यानं दिवा काढून टेबलावर ठेवला. ऑफिसातून दमून आला असेल, असं तिला वाटलं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी दोघं मास्तरांकडे गेले. टेबलावर नकाशा पसरला होता. वकील आधीच येऊन बसले होते. तिनं पिशवीतून खोकी काढून मांडली. मास्तरांनी एक डोक्याला चढवला आणि मान गदागदा हलवून पाहिली.

"ढापणी, मानलं तुला! जागचा हलत नाही." मग त्यांचं लक्ष टेबलाकडे गेलं. "हा चौथा कशाला? राखीव का?"

"राखीव कसला? माझा आहे."

ज्यांना जन्मात शब्द कमी पडले नव्हते, त्या वकिलांना नकाशात एकाएकी काहीतरी महत्त्वाचं दिसलं. मास्तरांनी हेडटॉर्च काढला आणि तिच्या नवऱ्याकडे पाहिलं.

"तू सांगितलं नाहीस?"

नवरा नकाशाचा मुडपलेला कोपरा बोटानं सरळ करत होता.

"काय सांगायचं होतं?" तिनं विचारलं.

मास्तरांनी हेडटॉर्च परत खोक्यात ठेवला. "वहिनी, तुम्ही गैरसमज करून घेऊ नका."

इतक्या वर्षांत त्यांनी तिला कधी वहिनी म्हटलं नव्हतं. ती ढापणी होती, अगं-तुगंतली होती. आपण टोळक्यातून बाहेर पडलोय हे तिला त्या एका शब्दावरून कळलं. पुढचं सगळं नुसतं स्पष्टीकरण होतं.

"गेल्या वर्षी उतरताना तुमच्या गुडघ्यानं काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. खिंडीत कुणासाठी थांबता येत नाही, वहिनी. हवा बदलली की संपलं. आम्ही तिघांनी विचार करूनच..."

"तिघांनी," ती म्हणाली.

"हा म्हणाला, मी सांगतो तिला. म्हणून मग आम्ही तो विषय काढला नाही."

"कधी ठरलं हे?"

"खिंड ठरली तेव्हाच," वकील नकाशातून मान वर न करता म्हणाले.

म्हणजे ती काळा पडदा ओढून बसायची, तेव्हा तिच्या नावावर केव्हाच काट मारलेली होती. तिनं तिघांची खोकी टेबलावरच ठेवली, स्वतःचं पर्समध्ये टाकलं आणि चहा न घेता निघाली. नवरा रस्त्यात मागून धावत आला.

"अगं, थांब ना जरा."

"पळता येतंय की मला," ती न थांबता म्हणाली. "बघ, गाठ मला."

घरात शिरल्यावर मात्र तिनं चप्पलसुद्धा काढली नाही.

"गुडघ्याचं मला मान्य आहे," ती म्हणाली. "मी स्वतःच माघार घेतली असती कदाचित. पण माहीत असताना तू मला दिवे निवडायला का लावलेस?"

"तू खुश होतीस गं. रोज काहीतरी नवीन सांगायचीस. ते मोडायला जिवावर यायचं."

"आणि दिवेही हवेच होते."

"तसं नाही."

"मग कसं?"

"मी पण नाही जात," असं तो पुटपुटला. तिनं लगेच होकार दिला असता तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण ती चप्पल काढून आत गेली, आणि दुसऱ्या दिवशी तो बूट घासत बसलेला तिला दिसला.

निघायच्या सकाळी तो हेडटॉर्च हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला.

"हे लॉक कसं करायचं?"

खोक्यात माहितीपत्रक आहे, असं सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिनं हात पुसले आणि त्याच्या हातातून दिवा घेतला. "बटण दाबून धरायचं. तो लुकलुकला की समजायचं लॉक झाला. वर फार थंडी असेल, झोपताना तो स्लीपिंग बॅगमध्येच घे, नाहीतर सेल लवकर उतरतील." हे सांगताना तिला स्वतःची चीड आली.

ते धडधाकट परत आले. पुढच्या आठवड्यात मास्तर फोटो दाखवायला घरी आले. तिनं चहा टाकला.

"वहिनी, दिव्यांनी कमाल केली," मास्तर म्हणाले. "चढणीवर एकदासुद्धा हात लावावा लागला नाही. घोळ घातला तो वकिलानं. खिंडीच्या पायथ्याशी त्याचं डोकं धरलं, उलट्या काय, बघायला नको. अख्खा दिवस तंबूत बसून काढला आम्ही."

"थांबलात?" तिनं विचारलं.

"मग काय करणार? सोडून जायचं का त्याला?" मास्तर हसले. अर्ध्यातच त्यांना आपण काय बोललो ते उमगलं असावं, कारण त्यांनी कपात तोंड घातलं. नवऱ्यानं घाईघाईनं पुढचा फोटो दाखवला. तिघे खिंडीत उभे होते, लाल नाकांनी, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून.

पुढच्या हंगामात तिनं दुसराच गट शोधला. अनोळखी माणसं, नदीकाठची सोपी वाट, रोज थोडंसं चालणं. तिथं कुणी मोठा चढणारा नव्हता, आणि पहिल्याच भेटीत एक आजोबा म्हणाले होते, "आपण सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या मागं चालायचं." तिनं पैसे भरले आणि मग घरी सांगितलं.

नवरा पेपर वाचत होता. त्यानं तो खाली ठेवला.

"मी येऊ का?"

ती उत्तराची तयारी करूनच बसली होती. कितीतरी दिवस ते वाक्य तिनं घोळवलं होतं.

"जागा नाही. गट भरलाय."

ते खोटं होतं. दोन जागा होत्या. त्याचा चेहरा पडेल, निदान एवढंसं तरी काही दुखेल, या आशेनं ती बघत राहिली. त्यानं मान हलवली. कपाळावरच्या आठ्या हळूच सैल झाल्या. पोट भरल्यावर नकोसं झालेलं जेवण कुणीतरी समोरून उचलून न्यावं, तसा तो सुटल्यासारखा दिसला.

"बरं," तो म्हणाला, "मग त्या आठवड्यात मी मास्तरांकडे जाऊन येईन," आणि त्यानं पेपर पुन्हा उघडला.