तांबड्या पट्ट्यातली चिमी

कलाबाईंनी चांदवडकडच्या एका गावात तीस वर्षं अंगणवाडी चालवली. कुणाचंही लेकरू दिसलं की त्यांची नजर आधी त्याचा दंड भरलाय का ते बघायची, चेहरा नंतर. पासष्टाव्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि सातपूरला मुलाकडे, शेखरकडे, राहायला आल्या. नजर मात्र निवृत्त झाली नाही. ती वळली चिमीकडे.

चिमी म्हणजे शेखरनं पाळलेली पॉमेरियन कुत्री, दहा महिन्यांची. शेखर कारखान्यात पहिल्या पाळीला गेला की घरात या दोघीच. एकदा बाईंनी प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा दाराच्या कडीला टांगला, ओढणीची झोळी केली आणि चिमीला तीत बसवलं. झोळी सावकाश स्वतःभोवती फिरत राहिली. तीन किलो. बाईंनी ट्रंकेतून वाढीचा जुना तक्ता काढला, दहाव्या महिन्यावर टिंब दिलं. ते तांबड्या पट्ट्यात, अति कुपोषितांच्या जागी, पार तळाला पडलं.

तक्ता माणसाच्या पोरांचा होता, हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? पण तीस वर्षांची सवय, ती ऐकते थोडीच कुणाचं.

मग सकाळी तूप घातलेली लापशी, दुपारी अंडं, मधल्या वेळी शेंगदाण्याचा लाडू. चिमी पाच किलोंची झाली, सहाची झाली, तरी तक्त्यावर तांबडीच. बाई नेटानं वाढत राहिल्या. गावात पोरं खिचडीच्या वासानं धावत यायची आणि पोट भरलं की पसार व्हायची. चिमी खाऊन मांडीवर यायची. तो ऊबदार भार घेऊन बसलं, कारखान्यांची घरघर लांबून ऐकत राहिलं, की सबंध दुपार पाण्यावर तरंगत गेल्यासारखी जायची.

एके दिवशी चिमी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली ती उठेना. जीभ बाहेर, नुसती धाप. शेखरनं दोघींना जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चिमीच्या कुशी चाचपल्या. "आजी, हिची वाढ कधीच पूर्ण झालीय. ही जातच लहान चणीची. तीन किलो हेच हिचं खरं वजन होतं. आता हृदयाला झेपत नाहीये. खाणं कमी केलं नाही, तर फार दिवस काढणार नाही ही."

"पण फासळ्या लागत व्हत्या तिच्या हाताला," कलाबाई म्हणाल्या.

"लागायलाच हव्यात."

असलं वाक्य बाईंनी जन्मात ऐकलं नव्हतं. घरी आल्यावर शेखरनं एक छोटी वाटी काढून दिली. "आई, दोन वेळा एवढंच. वरून काही नाही."

"अन् ती माझ्याकडं यायची बंद झाली म्हंजे?"

शेखरनं वाटी तशीच त्यांच्यापुढे सरकवली.

दुसऱ्या दुपारी बसल्या बसल्या बाईंचा डोळा लागला. स्वप्नात काट्याला टांगलेल्या झोळ्यांतून पोरं वर निघाली होती, छपराला टेकत होती. बाई पळीभर खिचडी घेऊन मागे धावत होत्या आणि एकेक पोर हसून म्हणत होतं, पुरे बाई. मग ती सगळी खिडकीतून बाहेर पडली आणि कारखान्यांच्या पत्र्यांवरून चांदवडच्या दिशेनं तरंगत गेली.

जाग आली तेव्हा चिमी समोर उभी होती, शेपटी हलवत. लाडवांचा डबा हाताशीच होता. बाईंचा हात झाकणावर गेला आणि तिथून परत आला.

"नाय," त्या म्हणाल्या, "आता नाय."

चिमीनं त्यांचा तळवा हुंगला, चाटून पाहिला. काहीच नव्हतं. ती वळली आणि दाराकडे निघून गेली. कलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. एवढं वाईट त्यांना निरोपसमारंभातही वाटलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं पायाशी धाप ऐकू आली. चिमी मांडीवर चढू पाहत होती, वजनानं घसरत होती, पुन्हा चढत होती. बाईंनी तिला उचलून घेतलं. एक उसासा टाकून ती त्यांच्या रिकाम्या तळव्यावर डोकं ठेवून झोपली. काही खायला न देताही कुणी आपल्याजवळ येऊन बसतं, हे कलाबाईंना पासष्टाव्या वर्षी कळलं.