पाणी माझ्या कॅरिअरवर होतं

घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यापाशी निशिकांत माझी बदनामी करतो आणि वर त्यांना चहा पाजतो. बोट दाखवायला मी दाराबाहेर उभीच असते. “हिचे ब्रेक फेल झाले हो, नाहीतर मी प्रबोधला सोडून गेलो असतो का?” पाहुणे माझ्याकडे बघून चुकचुकतात. एकालाही वाटत नाही, दाबून बघावा एकदा ब्रेक.

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. सिंगापुरात, सेरंगूनला नवव्या मजल्यावर, फ्लॅटच्या दाराबाहेर भिंतीला टेकून असते. शाळा मी बाहेरूनच पाहिली. माझ्याच अंगावरचं कंपनीचं नाव मला वाचता येत नाही. पण माझी हाडं पोलादाची आहेत, आणि जिभेचं म्हणाल तर तीही. चौदा वर्षं या घराचं ओझं मी ओढलं. निशिकांतला तांजोंग पगारच्या ऑफिसात मी नेलं. त्याच्या लेकीला, जाईला, मागच्या सीटवर बसवून बालवाडीत मी नेलं. तेव्हा तो दर रविवारी मला पुसायचा, चेनला तेल घालायचा आणि म्हणायचा, “हिच्यासारखी दुसरी नाही.” नाहीच मुळी.

गेल्या ऑक्टोबरात निशिकांत, प्रबोध आणि आणखी तिघे मित्र पाच सायकली विमानात घालून आफ्रिकेत, मलावीला गेले. रोज सत्तर-ऐंशी किलोमीटर, खेड्यापाड्यांतून. त्यांचा एक नेम होता. रोज एकाने शेपूट व्हायचं. शेपटाने सगळ्यांच्या मागे राहायचं. पंप आणि पाण्याची मोठी पिशवी त्याच्याकडे. काही झालं तरी त्याने कुणाच्या पुढे जायचं नाही. सहाव्या दिवशी शेपूट निशिकांत होता. म्हणजे पाणी माझ्या कॅरिअरवर होतं.

रस्ता कसला, नुसती लाल वाळू. वर ऊन असं की माझं हँडल हाताला चटके देई. प्रबोधचं पोट बिघडलेलं, पायांत जोर नाही. तिघे पुढे निघून गेले. प्रबोधच्या मागे रांगायची निशिकांतला लाज वाटायला लागली.

“सासरी निघालायस का रे? मार की पाय!”

“घोटभर पाणी दे, निशी.”

“पुढच्या झाडापाशी देतो. ये तिथवर.”

तो कसाबसा झाडापाशी आला, की हा पुढे जाऊन दुसऱ्या झाडाकडे बोट दाखवायचा. गाढवापुढे गवत धरतात ना, तसं. अशी चार झाडं झाली. “सवय लावतोय तुला,” म्हणायचा आणि हसायचा.

पाचव्या झाडाच्या अलीकडे प्रबोधच्या चाकात बोटाएवढा काटा घुसला. त्याने हाक मारली. मी ऐकली. निशिकांतनेही ऐकली, कारण त्याने मान वळवली होती. पण समोर उतार होता, आणि उताराखाली पुढच्या तिघांची धूळ दिसत होती. त्याने ब्रेकवरची बोटं उचलली. मित्रांनो, त्याने माझे ब्रेक मागितलेच नाहीत. मागितले असते तर मी जागच्या जागी उभी राहिले असते.

तिघांनाही मागे टाकून तो मुक्कामाला पहिला पोचला. त्याने फोटो काढून घेतला. मग माझ्यावरच्या पिशवीतल्या पाण्याने खसखसून तोंड धुतलं.

“प्रबोध कुठाय?”

“येतोय. फोटो काढत बसलाय.”

प्रबोध तीन तास सायकल ढकलत चालला आणि पडला. डोक्यावर पिवळा कॅन घेऊन चाललेल्या एका बाईने त्याला पाणी पाजलं. परकी बाई, भाषा वेगळी. तिने झाड दाखवलं नाही. तिच्या गावच्या माणसांनी त्याला सायकलच्या कॅरिअरवर बांधून दवाखान्यात नेलं. निरोप मुक्कामावर आला, तेव्हा माझे ब्रेक पहिल्यांदा ‘फेल’ झाले.

जीव वाचला, किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आणि आता डॉक्टर त्याला पाणी मोजून प्यायला सांगतात.

इकडे आल्यापासून निशिकांतने मला हात लावला नाही. चेन गंजली, हँडल आणि ब्रेकच्या दांड्या गंजल्या, चाकं बसली. मला बोल लावून त्याला झोप छान लागते.

काल प्रबोधची बायको स्मिता आली. चहा नको म्हणाली. बाहेर येऊन तिने माझं हँडल धरलं आणि ढकललं. मी चार पावलं सरकले. मग ब्रेक दाबून तिने सगळा भार टाकला. मी तसूभर हलले नाही.

जाई दारात उभी होती. इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, “ब्रेक ओके व्हॉट. पापा, यू सेड स्पॉइल्ड.”

“ते... नंतर दुरुस्त केले.”

स्मिताने गंजाने लाल झालेला तळवा त्याच्यापुढे धरला. “कधी, भावोजी?”

ती लिफ्टकडे गेली. जाई आत गेली आणि तिने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. मग निशिकांत माझ्याकडे बघून पुटपुटला, “उद्याच भंगारात देतो हिला.”

मित्रांनो, तुमच्या सायकलीला तेल घाला, तिची हवा बघा, एवढंच मी सांगणार होते. पण मला आधी याच्याशी बोलायचंय, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं.

“निशिकांत, भंगारात मी जाईन, पोलादाला मरण नाही. पण आधी माझ्यात हवा भर, चेनला तेल घाल आणि मला प्रबोधच्या दारात नेऊन उभी कर. ब्रेक लागत होते, असं त्याच्या तोंडावर सांग. आणि तिथवर चालत ने मला. माझ्यावर बसायचं नाही.”