कानबाईच्या नाकावरचा वण

"डोया असा काढ रे भाऊ, देवी जित्ती दिसाले जोयजे," वच्छलाबाई पाटलीण ओसरीवरून म्हणाली.

"जित्तीच काढस, अक्का," भिकन म्हणाला आणि डोळे काढायला नारळावर वाकला.

पुढे ज्याच्या चित्रांवर मुंबईची माणसं जीव टाकणार होती, तो भिकन अठ्ठ्याऐंशीच्या श्रावणात धुळ्याला दुकानांच्या पाट्या रंगवत होता. पाचोऱ्याकडच्या या गिरणाकाठच्या गावात तो खानदेशची देवी कानबाई हिचा नारळावरचा चेहरा रंगवायला आपणहून आला, तोही फुकट. पाटलीण हरखली. फुकटचं कोणाला कडू लागतं? पण तो देवीसाठी आलाच नव्हता. तेरा वर्षं पोटात निखारा घेऊन फिरत होता.

याच घरात त्याची आई, बेबाबाई, भांडी घासायची. कानबाईचा रोट, म्हणजे प्रसादाची जाड पोळी, कुळाबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा रिवाज सात वर्षांच्या पोराला कुठला कळायला! भिकनने टोपलीतला तुकडा उचलून तोंडात टाकला.

"मीच दिधा त्याले," आईने आळ अंगावर घेतला.

"मग घस नाक! बठ्ठासना समोर घस!" पाटलीण कडाडली.

बेबाबाईने सगळ्यांदेखत शहाबादी फरशीवर नाक घासलं. कातडं सोललं. त्याच आठवड्यात मायलेक धुळ्याला गेले. तिथेही भांडीच घासता घासता ती गेली, आणि नाकावरचा वण तिच्यासोबत चितेवर चढला. तिचा एकही फोटो नव्हता. भिकनने तिचा चेहरा काढायचा कितीदा प्रयत्न केला, पण साधेना. आज मात्र संतापाने हात असा चालला, की ती हुबेहूब नारळावर उतरली. शेवटी त्याने नाकावर तो वण ओढला आणि रविवारपर्यंत चेहरा कापडाखाली झाकून ठेवला.

रविवारी देवी चौरंगावर बसली. वर्षभराच्या चुकांसाठी घरच्या कर्त्या बाईने देवीपुढे नाक घासायचं, असा या घरचा नेम. वच्छलाबाईने गुडघे टेकले, वर पाहिलं आणि ती गारठलीच.

"ही तं... बेबा शे," ती पुटपुटली. मग तिने भिकनकडे पाहिलं. आता कुठे ओळख पटली.

"कानबाई शे, अक्का," तो हळूच म्हणाला. "नाक घसा."

मागे सगळं गाव दाटलेलं. "अक्का, आरतीना येळ व्हई गया," कोणीतरी ओरडलं. देवीला नाही कसं म्हणणार? पाटलीण वाकली. फरशी तीच होती. भिकनने ते डोळे भरून पाहिलं, आणि त्याचा जीव निवला.

सोमवारी विसर्जनाला पाटलीणच सगळ्यांच्या आधी पाण्यात शिरली. तिने घाईघाईने नारळ धारेला लोटला. तेव्हा कुठे भिकनच्या ध्यानात आलं. सुडाच्या भरात त्याने आपली आई हिच्याच हाती दिली होती. ऑइल पेंट होता, पाण्याला दाद देईना. बेबाबाई उताणी, उघड्या डोळ्यांनी वाहत चालली. तो काठाकाठाने चिखलातून धावला. वळणावर नारळ पालथा झाला आणि दिसेनासा झाला.

आज त्याच्या चित्रांतल्या प्रत्येक बाईच्या नाकावर वण असतो. जाणकार ती त्याची खूण मानतात. डोळे मात्र त्याला पुन्हा कधी जमले नाहीत. त्या सगळ्या बायका मान खाली घालून फरशीकडे बघत असतात.