एक घर डावीकडे

"बुकिंगचं बटण फोटोखाली दडलंय," एवढीच तक्रार होती. पुण्याहून आलेल्या सोनलताईंनी कॉटेजच्या ओट्यावर आपला आयफोन कल्पिताच्या हातात दिला आणि त्या चहा घेऊ लागल्या.

किहीममधल्या अकरा कॉटेजांच्या वेबसाइट कल्पिता सांभाळत असे. वाकडं दिसणारं पान सरळ करणं हा तिचा बारा वर्षांचा धंदा. लोकांनी टाकून दिलेले सात फोन तिच्या खणात होते. प्रत्येक पान ती सातही फोनांवर उघडून बघे, आणि हे चारचौघांत जरा मिरवीतही असे. आयफोन मात्र गावात कोणी टाकून देत नाही.

तिने पान खाली सरकवलं. भरती-ओहोटीचा तक्ता आला आणि तिचा अंगठा थांबला. पान सरकवलं तरी रकान्यांचे मथळे वर चिकटून राहावेत म्हणून तिने ते आकड्यांपासून वेगळे ठेवले होते. आयफोनच्या ब्राउझरमध्ये ते एक घर डावीकडे सरकले होते. भरतीच्या वेळांवर 'ओहोटी' लिहिलेलं दिसत होतं. गावात हे कोणाच्या लक्षात येणार? तिथीवरून भरती काढणाऱ्या माणसांनी तो तक्ता कधी उघडलाच नव्हता.

तुमचे साहेब कुठे गेलेत, तिने विचारलं.

"खडकावरच्या देवीला, मुलीला घेऊन. तीनला ओहोटी आहे ना, तोवर परततील."

पावणेबारा वाजले होते. आज चतुर्थी. तीनला पूर्ण भरती, आणि तेव्हा तो खडक बुडतो. कल्पिताने त्याच आयफोनवरून साहेबांना फोन लावला. ते निवांत होते. वाटेवर मांडीइतकं पाणी आहे, पण तक्त्याप्रमाणे ते उतरतंयच, मुलीला खांद्यावर घेऊन निघतो, म्हणाले.

"पाण्यात उतरू नका," कल्पिता म्हणाली. "तक्ता चुकलाय. पाणी चढतंय. देवीच्या मागच्या उंच दगडावर बसा. होडी येतेय."

होडीवाल्या हरेश्वरकाकांना तिने अजून सांगितलंही नव्हतं. तिने लगेच लावला. काकांनी फोन उचलला, ऐकलं.

"आज चवथ हाय. तीनाला भरती. त्याला फोनात काय बगायचं व्हतं?" ते म्हणाले. बोलता बोलताच ते धावत निघाले होते, त्यांना लागलेला दम ऐकू येत होता.

दोघी किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. खडकाकडची वाट आता दिसत नव्हती. दगडावर एक लाल फ्रॉक तेवढा दिसत होता.

"तक्ता कोणी केलाय?" सोनलताईंनी विचारलं.

"मी."

पुढे अर्धा तास सोनलताई त्या लाल ठिपक्यावरच डोळे लावून होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं कल्पिताला वाटत राहिलं. होडी परतली तेव्हा मुलगी हरेश्वरकाकांच्या टॉवेलात गुंडाळलेली होती आणि साहेब कमरेपर्यंत भिजलेले होते.

कल्पिताने ओट्यावर लॅपटॉप उघडला. मथळा जागेवर आणायला पाच मिनिटं पुरली असती. तिने तो तक्ताच काढून टाकला आणि तिथे एक ओळ लिहिली: समुद्रात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा. खाली काकांचा नंबर.

गाडीत सामान चढत होतं. ती सोनलताईंजवळ गेली.

"एकदा तुमचा फोन देता?"

सोनलताईंनी हातातली पिशवी गाडीत ठेवली. मग फोन दिला.

ओळ सरळ होती. कल्पिताने ती दोनदा वाचली, फोन ओढणीला पुसला आणि दोन्ही हातांनी परत केला.