अप्पांचा दोरा तोडायचा दात

दात हलतो म्हणजे काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी अप्पांचा धंदा समजून घ्यावा. अप्पा शिंपी. उभं आयुष्य त्यांनी दोरा दातानं तोडला. कात्री हाताशी नसे असं नाही; पण एका हातात कापड आणि दुसऱ्यात सुई असताना कात्री काय पायानं उचलायची? असं करता करता वरच्या पुढच्या दाताला एक बारीक खाच पडली होती, आणि ती खाच अप्पा पदकासारखी मिरवत. लेक दातांची डॉक्टर व्हायला गेली तेव्हा तिनं सरावाला पहिलं तोंड उघडून पाहिलं ते बापाचं, आणि ती म्हणाली, "अप्पा, अश्शी खाच आमच्या पुस्तकात आहे!" पुढे कित्येक दिवस अप्पा प्रत्येक गिऱ्हाइकाला माप घेता घेता सांगत होते की आपला दात पुस्तकात आलाय.

नेमका तोच दात आता हलायला लागला होता. नातीच्या शाळेच्या कार्यक्रमासाठी फ्रॉक शिवायला घेतला होता. पहिला टाका घालून अप्पा दोरा तोडायला गेले, तर दोरा होता तिथंच राहिला आणि दात पुढे आला. बायको गेल्यापासून घरात त्यांच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी होत्या, शिलाई मशीन आणि हा दात.

लेकीनं आरसा घालून पाहिलं, टोकदार सळईनं हिरडी चाचपली आणि स्पष्ट सांगितलं, "हिरड्या सुजून सैल झाल्यात. सूज उतरली तर दात धरेल. नाही उतरली तर काढावा लागेल."

"मग दोरा?"

"अप्पा, मी दाताबद्दल बोलतेय!"

"मीही दाताबद्दलच बोलतोय."

लेक दंतमहाविद्यालयात हिरड्यांच्या सुजेवरच्या एका नव्या टूथपेस्टचा अभ्यास करत होती. म्हातारी माणसं मिळायची, पण अर्ध्यात पळून जायची. म्हणून तिनं आपले वडील घेतले आणि सासरेही घेतले. निम्म्या लोकांना औषध घातलेली पेस्ट, निम्म्यांना साधी. ट्यूब सगळ्या सारख्याच पांढऱ्या, वर फक्त नंबराचा स्टिकर. कुणाला काय मिळालं ते ना घेणाऱ्याला ठाऊक, ना देणाऱ्याला. ते फक्त आकडेमोड करणाऱ्या सरांच्या कपाटात बंद.

"म्हणजे मी पँट शिवायची, पण ती पँट आहे की परकर हे मलाही कळता कामा नये आणि गिऱ्हाइकालाही," अप्पा म्हणाले. "छान चाललंय तुमचं."

लेकीचे सासरे नाना, म्हणजे अप्पांचे व्याही, घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या तोंडात बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत होते, फक्त ब्रश लावला की हिरड्यांतून रक्त यायचं. दोन्ही व्याह्यांचं तसं सूत होतं. एकमेकांना 'अहो' शिवाय हाक नव्हती आणि एकमेकांचं बरं झालेलं पाहवत नव्हतं. नानांना बत्तीस दातांचा अभिमान होता, पण त्यांतला एकही पुस्तकात आलेला नव्हता हे त्यांना आतल्या आत खुपत होतं.

पहिल्या तपासणीला दोघं बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसले होते.

"कशी आहे हो तुमची पेस्ट?" अप्पांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

नानांची पेस्ट खडूच्या भुकटीसारखी मचूळ होती. पण व्याह्यासमोर मचूळ कशाला म्हणायचं? "झोंबते हो!" नाना म्हणाले. "डोळ्यांत पाणी येतं अगदी."

अप्पांची पेस्टही मचूळच होती. "माझी तर विचारू नका," ते म्हणाले. "जिभेला मुंग्या येतात. परवा कानातून वाफ निघाली."

दोघंही वरवर हसले. झोंबतं ते औषध, एवढी अक्कल कुणालाही असते. म्हणजे खरं औषध समोरच्याच्या ट्यूबमध्ये होतं! अप्पा घरी येऊन आरशासमोर उभे राहिले आणि जिभेनं दात हलवून पाहिला. दात झुलला. ज्याला बत्तीस दात आहेत त्याला औषध आणि ज्याचा धंदाच एका दातावर आहे त्याला खडूची भुकटी, हा कुठला न्याय? ज्याला गरज त्यानं घेतलं तर ती चोरी कशी, असंही अप्पांनी स्वतःला दोनदा समजावलं.

शिंप्याला वाफेची ताकद सांगायला नको. अप्पांनी इस्त्री तापवली, ओल्या फडक्यातून वाफ काढली आणि आपल्या ट्यूबवरचा नंबर न फाटता सोडवून घेतला. मग ट्यूब खिशात टाकली, भिंतीवरचं चांगलं चालणारं घड्याळ बंद पाडून ते काखेत मारलं आणि व्याह्यांच्या घरी गेले.

"बघा हो जरा, काय झालंय याला," म्हणत त्यांनी घड्याळ नानांच्या हवाली केलं. नानांनी डोळ्याला भिंग लावलं तसे अप्पा "हात धुऊन येतो" म्हणून न्हाणीघरात शिरले. तिथं फळीवर ट्यूब होती. वाफ करायला इस्त्री नव्हती, म्हणून अप्पांनी नखानं सुरुवात केली, तर काय आश्चर्य, स्टिकर हात लावताच निघून आला! देवही आज आपल्याच बाजूला आहे, असं अप्पांना वाटलं. त्यांनी नंबरांची अदलाबदल केली, आपली ट्यूब फळीवर ठेवली, नानांची ट्यूब आपल्या नंबरासकट खिशात घातली आणि तोंड पुसत बाहेर आले.

"घड्याळाला काही झालेलं नाही," नाना म्हणाले. "कुणीतरी मुद्दाम बंद केलंय."

"काय एकेक माणसं असतात!" अप्पा म्हणाले.

त्या संध्याकाळी नव्या ट्यूबमधली पेस्ट तोंडात घातल्याबरोबर अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. झोंबली, काय झोंबली! त्या दिवसापासून अप्पा असे दात घासायला लागले की शेजाऱ्यांना वाटावं कुणी भांडं घासतंय. लेकीनं सांगितलेली गोल गोल पद्धत, प्रत्येक दात आतून बाहेरून, सकाळी एकदा, झोपताना एकदा. इतक्या धोक्यानं आणलेलं औषध वाया थोडंच घालवायचं! एरवी हेच अप्पा आयुष्यभर ब्रश तोंडात फिरवून पाहुण्यासारखा लगेच बाहेर काढत आले होते. फ्रॉकचं काम त्यांनी बाजूला ठेवलं. दात पूर्ववत झाला की याच दातानं शेवटचा दोरा तोडायचा, असा पण केला.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी अप्पा खुर्चीत आडवे झाले. वर दिव्याचा झोत, बाजूला लेकीच्या विभागाच्या मोठ्या मॅडम, ज्यांना हसताना महाविद्यालयात कुणी पाहिलेलं नव्हतं. नाना दाराशी उभे होते. त्यांची तपासणी आत्ताच आटोपली होती. लेकीनं सळईनं हिरड्या मोजल्या, मग दोन बोटांत तो दात धरून हलवून पाहिला.

दात हलला नाही.

"अप्पा!" लेक ओरडलीच. "अप्पा, दात धरला!"

आनंदानं अप्पांच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी आलं. पण लेक मॅडमकडे वळून म्हणत होती, "मॅडम, नानांच्या हिरड्यांतून रक्त थांबलंय आणि अप्पांचा तर दातच बसला. दोघांचे आकडे सगळ्यांत चांगले. आता हे असेच प्रबंधात घालते."

अप्पांचा चेहरा उतरला. सगळी गल्ली फसवता येईल, पण माप? एकाचं माप दुसऱ्याच्या नावावर लिहिलं की पुढे काय होतं ते शिंप्याइतकं कुणाला ठाऊक! एकदा त्यांच्या हातून पैलवानाची छाती मास्तरांच्या नावावर पडली होती; मास्तर त्या सदऱ्यात आख्खे हरवले होते. आता लेक त्याच भरवशावर जगाला औषध सांगणार, आणि नंबर खोटा. शिवाय कबूल करायचं ते व्याह्यांच्या देखत. अप्पांनी तोंडातला आरसा हातानं बाजूला केला.

"पोरी, लिहू नकोस," ते म्हणाले. "ती ट्यूब माझी नाही. मी नानांची चोरली."

मग दारातून नानांचा आवाज आला, बारीक आणि घाबरलेला.

"केव्हा चोरली?"

"घड्याळ घेऊन आलो होतो तेव्हा."

"अहो, पण त्याच्या आधीच मी माझी ठेवून तुमची नेली होती! पँटची कंबर आवळायला आलो होतो ना, तेव्हा. चिमट्यानं स्टिकर सोडवला."

अप्पा खुर्चीत ताठ बसले. त्या सहज निघालेल्या स्टिकरचा आत्ता कुठे उलगडा झाला. "म्हणजे मी चोरली ती..."

"तुमचीच!"

चोरावर मोर झालेला मोर आपलीच पिसं घेऊन घरी गेला होता. लेकीचा चेहरा लाल झाला. "अहो, माझ्या अभ्यासाचं काय? मधल्या दिवसांत दोघांनी एकमेकांची पेस्ट वापरलीत! आता दोघांनाही वगळावं लागणार!" तिचा आवाज भरून आला, आणि अप्पांना आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. दात पडला असता तर बरं, असं त्यांना मनापासून वाटलं.

मोठ्या मॅडमनी फोन उचलला आणि आकडेमोडीच्या सरांना या दोन नंबरांची चिठ्ठी उघडायला सांगितलं. ऐकता ऐकता त्यांच्या ओठांचं काहीतरी व्हायला लागलं.

"दोघांनाही साधीच पेस्ट होती," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "एकसारखी. त्यामुळे अदलाबदलीनं काही बिघडलेलं नाही. आकडे राहतील. पण हे दोघांचं शौर्य प्रबंधात लिहायचं, स्पष्ट लिहायचं."

"साधी?" अप्पा म्हणाले. "मग झोंबत कशी होती?"

"आणि दात कसा धरला?" नाना म्हणाले.

"कारण जन्मात पहिल्यांदा तुम्ही दोघांनी नीट दात घासलेत!" लेक डोळे पुसत म्हणाली. आणि मोठ्या मॅडम हसल्या. इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतला रुग्ण तोंडात कापूस घेऊन बघायला आला.

दात राहिला, पण लेकीनं अट घातली. दोरा तोडायचा नाही. एकदाही नाही. पुन्हा हलला तर सरळ काढणार. अप्पांनी मान हलवली, पण मनातून ते खट्टू झाले. दात वाचला तो नुसता शोभेला. हे म्हणजे सुई आहे पण तिला नाकच नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी अप्पा दुकानात फ्रॉकचा शेवटचा टाका घालत होते. समोर नाना बसले होते. त्यांना आपली पँट पुन्हा सैल करून हवी होती. अप्पांनी गाठ मारली, सवयीनं दोरा तोंडाकडे नेला आणि मध्येच थांबले. कात्री कापडांच्या ढिगाखाली कुठेतरी गडप होती. लेकीला दिलेला शब्द मोडवेना, फ्रॉकही हातातून सोडवेना. अप्पा तसेच दोरा धरून बसून राहिले.

"व्याहीबुवा," शेवटी ते म्हणाले, "जरा इकडे या. तोंड उघडा."

नाना वाकले. अप्पांनी दोरा त्यांच्या पुढच्या दातांत धरला. कट्! दोरा साफ तुटला. नाना जीभ दातावरून फिरवत काही वेळ तसेच वाकून राहिले.

"अहो," त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "पुस्तकातली ती खाच पडायला किती दिवस लागतात?"

अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दुकानाकडे, मशीनकडे, मागच्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं.

"वर्षं लागतात हो," ते म्हणाले. "रोज यावं लागेल."

नानांनी स्टूल मशीनजवळ ओढून घेतलं.