चंद्रावरचा लंबक

विज्ञान कधीही खोटं बोलत नाही. फारच नड पडली तर ते काम शिक्षक करतात.

भौतिकशास्त्राच्या सरांनी शाळेत आभासी प्रयोगशाळा उभी केली होती. डोळ्यांवर आभासी दृश्यांचं डबडं चढवलं की समोर टेबल, त्यावर लंबक. हवेत हात हलवून झोका द्यायचा, झोके मोजायचे, की गुरुत्वाचं उत्तर झळके : नऊ पूर्णांक आठ. शाळा-तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र ते साडेदहा येत होतं. चूक शोधायला सवड नव्हती, म्हणून सरांनी नऊ पूर्णांक आठ हे उत्तरच आत ठोकून बसवलं. तपासनीस खूश, मुख्याध्यापिकाबाई खूश. ठोकलेलं उपटायचं तेवढं राहून गेलं.

प्रात्यक्षिक परीक्षेत कुठला लंबक घ्यायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. सगळ्यांनी डबडं चढवलं. एकटीनं खऱ्या दोऱ्याला खरा गोळा बांधला. प्रश्न विचारून विचारून तिचं नावच 'शंका' पडलं होतं. तिचं उत्तर आलं नऊ पूर्णांक पाच.

"डोळे मिटून मोजतेस का गं? सगळ्या वर्गाचं बरोबर येतं, तुझंच कसं वाकडं?" सर म्हणाले.

वर्ग खिदळला. सरांनी पाच गुण कापले. विज्ञान शाखेला तिला तेवढेच कमी पडत होते.

रविवारी पुढच्या धड्यासाठी सरांनी आभासी लंबक आभासी चंद्रावर नेला. चंद्रावर गुरुत्व सहापट कमी, पण तिथेही नऊ पूर्णांक आठ! समोरचा चहा निवून गेला.

"अहो, बिस्किट बुडालं," बायको म्हणाली.

"बुडू दे," सर म्हणाले.

सोमवारी त्यांनी शंकाला जिन्यात गाठलं. "तुझं उत्तर प्रामाणिक होतं गं. माझंच ठोकलेलं होतं."

"माहीत होतं, सर. आम्ही सरावाच्या वेळी डबड्यात गोळा काढून नुसता दोरा हलवला होता. तरी तेच."

"मग तेव्हाच बोलायचं नाही?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, शहाणपणा पुरे."

सरांना ते लख्ख आठवलं. न आठवतं तर बरं झालं असतं.

ते तडक मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले आणि एका दमात सगळं ओकून मोकळे झाले. बाईंनी चष्मा पुसला. गुणपत्रक पुढे सरकवलं.

"चूक तुमची, सही तुमची."

सरांनी पाच गुण वाढवून सही केली. छातीवरचं ओझं जरा हललं.

"आता तिला विज्ञान मिळेल ना, बाई?"

"प्रवेशाची यादी शुक्रवारीच लागली, सर. जागा भरल्या."