आईच्या साडीचा जांभळा रंग

खोबरेल तेलात कोपरापर्यंत माखलेले दोन सावळे हात आणि त्यांवर तिरकं उतरलेलं हिवाळ्याचं कोवळं ऊन, आत्या मला आधी अशीच आठवते. तेल लावलेल्या कातडीला रंग धरत नाही, हे ती अंबाडी गावाकडच्या सासरी शिकली होती. मूल झालं नाही म्हणून त्या घराने तिला परत पाठवलं, तेव्हा भिवंडीत यंत्रमागांच्या शेडमागे आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत ती राहायला आली. बाबांची ती मोठी बहीण. सत्तरच्या दशकातली ती वर्षं. यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर भिंतींतून झिरपत राही आणि कापसाची तूस हवेत तरंगत असे.

ओल्या कापडावर ती तूस बसू नये म्हणून शेजारणींच्या विटलेल्या साड्या आत्या माग बंद असलेल्या दिवशीच रंगवी. त्या दिवशीच्या अनोळखी शांततेत तिच्या हालचालींना एक संथ लय येई. जमिनीवर जुन्या वर्तमानपत्रांचे थर, स्वयंपाकात कधीच न येणारं ॲल्युमिनियमचं पातेलं, ढवळायला कडुनिंबाची काठी. रंगाची पुडी फोडताना ती नाकावर पदर बांधी आणि दार लोटून वारा अडवी. भुकटी वाटीभर गरम पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळून घेई, कारण न विरघळलेला एखादा कण साडीवर कायमचा ठिपका ठेवून जातो. मग मीठ, मग आधीच भिजवून पिळलेली साडी. नितळ पाणी निघेपर्यंत ती साडी खळबळत राही आणि सावलीत, भिंतीपासून हातभर दूर वाळत घाली.

आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "घर भाड्याचं आहे ताई, डाग तेवढा पडू देऊ नका." सात वर्षांत आमच्या फरशीवर एक थेंब सांडला नाही. त्या निगुतीच्या तळाशी भय होतं, हे मला फार उशिरा कळलं. आश्रयाला आलेल्या बाईने आपली खूणही मागे ठेवू नये, असं काहीतरी तिने मनाशी बांधलं होतं.

मामाचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. आईने तिची एकुलती चांगली, मोतिया रंगाची साडी धुऊन दारातल्या दोरीवर टाकली होती. आत्या जांभळ्या रंगाची अर्धी पुडी मोजून ठेवून नळावर गेली. तेवढ्यात आईने, आवरायला मदत म्हणून, पुडीखालचा कागद उचलला आणि दारात झटकला. कागदावरची बारीक भुकटी तिला दिसलीच नाही. मी पुस्तक घेऊन तिथेच बसले होते. थोड्या वेळाने ओल्या साडीवर जांभळे ठिपके उमलू लागले.

आत्या हंडा घेऊन आली तशी आई म्हणाली, "ताई, हे काय केलंत? सात वर्षं एकच गोष्ट सांगतेय मी."

आत्याने साडीकडे पाहिलं, मग अंगणात पडलेल्या कागदाकडे. "चुकलं माझं, वयनी. कागद तसा ठेवायला नको व्हता."

एवढं बोलून ती आत गेली आणि आपले चार कपडे चादरीत बांधू लागली. आईने घामेजलेल्या कपाळावरून हात फिरवला.

"आई, तुझ्या कपाळाला रंग लागलाय," मी म्हणाले.

तिने तळवा उघडून पाहिला. तो जांभळा झाला होता. तिची नजर अंगणातल्या कागदाकडे गेली. मग आत जाऊन आत्यासमोर बसली.

"कागद मी झटकला, ताई."

"म्हाईत हाय मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमचं घर हाय, वयनी."

आईने स्वच्छ हाताने चादरीची गाठ सोडवली, एकेक कपडा काढून पुन्हा फळीवर ठेवला. तिचा दुसरा हात आत्याने ओढून घेतला. "पानी नका लावू अजून, पसरंल. आधी तेल," म्हणत तिने तो तळवा सावकाश चोळला.

ठिपके निघण्यासारखे नव्हते. म्हणून सबंध साडीच त्यांच्या रंगात बुडवायची ठरली. त्या दुपारी पहिल्यांदाच आई पातेल्यापाशी बसली. काठी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जात राहिली. लग्नाला आई ती जांभळी साडी नेसून गेली. मूल नाही म्हणून शुभकार्याच्या दिवशी घरी मागे राहणाऱ्या आत्यालाही तिने बरोबर नेलं आणि मांडवात आपल्या शेजारी बसवलं.

आत्या वारल्यावरही आईने ती साडी वर्षानुवर्षं वापरली. कापड विरत चाललं, काठ विसविशीत झाले. वाळलेली साडी दोरीवरून काढली की दोन टोकं हातात धरून आई पूर्वी आत्या धरायची ती उरलेली दोन पुढे करी आणि सहज म्हणे, "ताई, धरा जरा." मग क्षणभर थांबून एकटीच घडी घाली. काळ माणसाला घरातून नेतो. पण कुणाच्या तरी हालचालीत त्या माणसासाठी सुटलेली जागा मात्र काळाला भरून काढता येत नाही.